तळघरातली मैल्याची टाकी गळते. फरशी फोडायची का?

प्रश्न : आमच्या तळघरात संडास आणि न्हाणीघर आहे. त्यांचं पाणी जमिनीत पुरलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत पडतं आणि तिथून पंप ते वरच्या मुख्य लाइनीत चढवतो. टाकी १२ वर्षांपूर्वी बसवलेली, ४५० मिमी व्यासाची, ७५० मिमी खोल. दोन महिन्यांपासून झाकणाभोवतीची फरशी ओली राहते, वास येतो, आणि रात्री कोणी काही वापरत नसतानाही पंप दर दीड तासाने चालू होतो. एक प्लंबर म्हणतो, टाकी रिकामी करून आतून एपॉक्सी लावू. दुसरा म्हणतो, फरशी फोडून टाकीच बदला. कुणाचं ऐकावं?

उत्तर : अजून कुणाचंच ऐकू नका. दोघांनीही टाकीला दोष दिलाय, पण पाणी नेमकं कुठून येतंय हे कुणी तपासल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही. वरची ओल आणि रात्री चालणारा पंप ही एकाच दुखण्याची लक्षणं असतील असंही नाही. बहुतेक वेळा ती दोन वेगळी दुखणी निघतात, आणि त्यातलं एक तर तासाभरात बरं होतं.

तपासायला बसण्याआधी एक काळजी घ्या, आणि ती प्लंबरलाही पाळायला लावा. या टाकीत कोणीही उतरायचं नाही, वाकून डोकंही घालायचं नाही. मैला सडताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास यायचा थांबला म्हणजे हवा चांगली झाली असं मुळीच नाही, उलट तीच धोक्याची वेळ असते. खिडक्या-दारं उघडा, बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा लावा, काडी-सिगारेट-हीटर काही पेटलेलं नको, आणि एकट्याने झाकण उघडू नका. पंपाचा ब्रेकर खाली पाडा आणि प्लगही काढून ठेवा. ब्रेकर पाडला तरी प्लग काढायचाच, कारण वरच्या मजल्यावरून कोणीतरी ‘ब्रेकर ट्रिप झालाय’ असं समजून तो पुन्हा चढवतो.

आता झाकणाभोवतीची ओल. टाकीतलं पाणी झाकणाच्या बरंच खाली असतं. येणारा चार इंची पाइपच साधारण वीत-दीड वीत खाली टाकीत शिरतो आणि फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता स्विच, पाणी त्याच्याही खाली असतानाच पंप चालू करतो. त्यामुळे टाकीचा तळ फुटला असता तर ओल खाली मातीत गेली असती, फरशीवर कशाला आली असती? फरशीवर पाणी आलंय म्हणजे ते वरून ओघळतंय, नाहीतर आतून झाकणापर्यंत उडतंय किंवा चढतंय.

हे शोधायला कोरडा टिश्यू पेपर पुरतो. झाकण, पाइप, जोड सगळं फडक्याने पुसून खडखडीत कोरडं करा. मग झाकणातून वर येणाऱ्या दोन इंची डिलिव्हरी पाइपला तीन ठिकाणी टिश्यूची पट्टी गुंडाळा : नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (वर गेलेलं पाणी मागे येऊ न देणारी झडप) वर, त्याच्या खाली, आणि पाइप झाकणात शिरतो तिथे अगदी चिकटून. एक पट्टी केबलच्या छिद्राशी आणि एक टाकीतली हवा बाहेर नेणाऱ्या व्हेंट पाइपाच्या मुळाशी ठेवा. पंपाची वीज परत सुरू करून संडासात दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि पंप चालू-बंद होताना बघत राहा. ज्या पट्टीवर आधी काळपट डाग उमटेल, गळती तिथे किंवा तिच्या लगेच वर आहे.

सर्वांत जास्त वेळा सापडतो तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा रबरी जोड. पंप बंद झाला की वर गेलेलं पाणी मागे येतं, आतली झडप आपटते आणि ‘धप्प’ आवाज होतो. हा धक्का दिवसातून वीस-तीस वेळा बसला की रबरी बाहीवरचे स्टीलचे क्लॅम्प हळूहळू सैल होतात. क्लॅम्प आवळून गळती थांबली तरी तिथेच समाधान मानू नका. पाइप भिंतीला धरून ठेवणारे ब्रॅकेट आहेत का ते पाहा. नसतील तर व्हॉल्व्हच्या वर आणि खाली एकेक बसवा. रबर कडक झालं असेल, नखाने दाबल्यावर खळगा पडत नसेल, तर बाही किंवा पूर्ण व्हॉल्व्हच बदला. व्हॉल्व्हवरचा बाण वरच्या दिशेने असायला हवा. सांगायची गरज वाटत नाही, पण उलटा बसवलेला व्हॉल्व्ह आणि जळलेला पंप ही जोडी नेहमीची आहे.

झाकणाच्या खालच्या बाजूला पाण्याचे ताजे फटकारे दिसले तर अजून एक गोष्ट तपासा. पंपाच्या वर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या खाली, डिलिव्हरी पाइपाला सुमारे ५ मिमीचं एक बारीक छिद्र मुद्दाम पाडलेलं असतं. पंपात अडकलेली हवा त्यातून निघून जाते. ते नसेल तर पंप फिरतो पण पाणी उचलत नाही. पंप चालू असताना या छिद्रातून जोरात चिळकांडी उडते, आणि तिला गळती समजून लोक एम-सील लावून बुजवतात. तसं करू नका. चिळकांडी झाकणावर आदळत असेल तर पाइप थोडा फिरवून छिद्राचं तोंड खाली तिरकं, टाकीच्या भिंतीकडे करा.

तिसरी शक्यता झाकणाच्या गॅस्केटची, म्हणजे झाकणाखालच्या सील करणाऱ्या पट्टीची, आणि व्हेंटची. टाकीत पाणी भरतं तेव्हा तेवढीच हवा बाहेर जायला हवी. व्हेंट पाइप वर कुठे तुंबला असेल, पक्ष्याने घरटं केलं असेल किंवा आडव्या भागात पाणी साचलं असेल, तर ती हवा झाकणाच्या फटीतून वास घेऊन बाहेर पडते. फ्लश केल्यावर झाकणाशी हात नेलात आणि फुंकर जाणवली, तर व्हेंट बघा, गॅस्केट नंतर. काही ठिकाणी व्हेंट छतापर्यंत न नेता तिथेच फक्त हवा आत घेणारा एकमार्गी व्हॉल्व्ह लावलेला असतो. या टाकीला तो चालत नाही, कारण इथे हवा बाहेर जायला हवी. गॅस्केट बदलताना जुन्या सिलिकॉनचा कण न् कण खरवडून काढा, नवी पट्टी सलग बसवा, आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. प्लॅस्टिकच्या कडेत बसवलेले बोल्ट जोर लावून पिळले की आटेच जातात.

आता तुमच्या रात्रीच्या पंपाकडे येऊ. इथे थोडं गणित केलं तर अर्धी उत्तरं घरबसल्या मिळतात. ४५० मिमी व्यासाच्या टाकीत पातळी १ सेंमी चढायला साधारण १.६ लिटर पाणी लागतं. तुमचा फ्लोट २० सेंमीच्या फरकाने पंप चालू-बंद करतो असं धरलं, तर प्रत्येक फेरीला ३२ लिटर. दीड तासात ३२ लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ३५० मिली. हा पाझर नाही, बारीक धार आहे.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह परत गळत असेल का? दोन इंची पाइपात मीटरला जवळपास २ लिटर पाणी मावतं. उभा पाइप ३ मीटरचा असेल तर तो पूर्ण रिकामा झाला तरी टाकीत ६ लिटर येतील, पातळी पावणेचार सेंमी चढेल आणि थांबेल. तेवढ्याने रात्रभर दर दीड तासाने पंप चालू होणार नाही. व्हॉल्व्ह खराब असू शकतो, पण एवढं सगळं पाणी त्याचं नाही. तेव्हा संशयित दोनच उरतात : घरातलंच पाणी गुपचूप वाहतंय, किंवा जमिनीतलं पाणी टाकीत शिरतंय.

आधी घरातलं बघा, कारण ते फुकटात कळतं. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला की समजा, फ्लशचा तळाचा रबर गळतोय. तो बदलला आणि रात्रीचा पंप थांबला, तर फरशी फोडायचा विषयच संपला.

रंग उतरला नाही तर टाकीची पातळी-चाचणी करा. संध्याकाळी तळघरातले सगळे नळ आणि फ्लशचा अँगल कॉक बंद करा. पंप चालवून टाकी उपसा, वीज तोडा, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या वरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे वरून परत येणाऱ्या पाण्याचा प्रश्न राहणार नाही. झाकणावरच्या तपासणीच्या तोंडातून काठी सरळ खाली सोडून पातळी मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. या काळात तळघरातला संडास वापरायचा नाही, दारावर तशी चिठ्ठी लावा. वरच्या मजल्यांचं काही या टाकीत येत असेल तर तेही बंद ठेवायला हवं. आठ तासांनी पुन्हा मोजा. वर चढलेला प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे बाहेरून आलेले १.६ लिटर. मिनिटाला ३५० मिली येत असतील तर सकाळपर्यंत टाकी काठोकाठ भरू शकते, म्हणून पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने काठीने पातळी बघा आणि पातळी येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी आली की चाचणी थांबवा.

मग उलट चाचणी. टाकी स्वच्छ पाण्याने येणाऱ्या पाइपाच्या जरा खालपर्यंत भरा आणि दोन तास थांबा. पातळी हलली नाही तर पाइपाच्या वर ४-५ सेंमीपर्यंत भरा आणि परत दोन तास थांबा. न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर येत नाही ना, ते बघत राहा. पहिल्या टप्प्यात पाणी टिकलं आणि दुसऱ्यात उतरलं, तर गळती पाइप टाकीत शिरतो त्या रबरी रिंगेत आहे. पहिल्याच टप्प्यात उतरून एका ठरावीक उंचीवर थांबलं, तर तडा त्याच उंचीला आहे, तिथे खूण करा. एक मेख ध्यानात ठेवा : बाहेर भूजल जेवढं उंच असेल तेवढंच आत भरलं तर पाणी ना आत येतं ना बाहेर जातं, आणि फुटकी टाकीही चांगली वाटते. म्हणून दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर तपासायचं. एकच तडा भूजल वर असताना पाणी आत घेतो आणि भूजल खाली गेलं की मैला बाहेर सोडतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती दिसत नाही आणि आजूबाजूची माती व विहीर नासवते.

रिंग गळत असेल तर टाकी काढायची गरज नसते, पण पाइपाभोवतीची फरशी हातभर उघडावी लागते. जुना पाइप मागे कापा आणि टाकीच्या भोकाची कड बोटाने चाचपा. कंगोरा लागला तर ब्लेडने काढा, कारण त्यानेच आधीची रिंग कापलेली असते. नवी रिंग त्या भोकाच्या आणि पाइपाच्या मापाचीच घ्या. पाइपाचं टोक काटकोनात कापा, बाहेरची कड कानशीने तिरकी करा, साबणाचं पाणी लावा आणि हलकं फिरवत आत ढकला. ग्रीस किंवा तेल लावू नका, बऱ्याच रबरी रिंगा त्याने फुगतात. पाइप टाकीत ३ ते ५ सेंमी आत यावा. त्याहून जास्त आला तर फ्लोट त्याला अडकतो. पाइपाखालची माती नीट दाबून भरली नाही तर पाइप खचतो, रिंग एका बाजूला ताणली जाते आणि वर्षभरात तिथेच पुन्हा गळती होते. उतार १:५० च्या आसपास, म्हणजे मीटरला २ सेंमी ठेवा.

तडा टाकीच्या अंगातच असेल तर पहिल्या प्लंबरच्या एपॉक्सीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : लावू नका. तुमची काळी टाकी बहुधा पॉलिइथिलिनची आहे. या प्लॅस्टिकला एपॉक्सी, सिलिकॉन, पीव्हीसीचं सोल्यूशन यातलं काहीही खरं चिकटत नाही. सुरुवातीला घट्ट वाटतं, मग बाहेरच्या पाण्याच्या दाबाने पापुद्र्यासारखं सुटतं. तो पापुद्रा पंपाच्या तोंडात गेला तर पंपही अडकतो. पॉलिइथिलिन वितळवून, त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी गरम हवेने जोडता येते, पण त्यासाठी जागा कोरडी, स्वच्छ आणि हात पोचेल अशी हवी. पुरलेल्या टाकीत, बाहेरून पाणी दाबत असताना ते जमत नाही. शिवाय पॉलिइथिलिनला आपोआप तडा जात नाही. खालचा दगड टोचतोय, माती असमान बसलीय किंवा भूजलाने टाकी उचललीय. कारण तसंच ठेवून ठिगळ लावलं तर शेजारी दुसरा तडा जाईल.

टाकी फायबरग्लासची असती तर सल्ला वेगळा होता. ती कोरडी करून, तड्याच्या दोन्ही बाजूंना १० सेंमी घासून, रेझिन आणि मॅटचे तीन थर दिले तर दुरुस्ती टिकते. काँक्रीटच्या हौदात तडा दोन सेंमी खोल, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा छिन्नीने खणायचा आणि तीन ते पाच मिनिटांत घट्ट होणारं वॉटर-प्लग सिमेंट हाताने दाबून धरायचं. पण काँक्रीट पाण्याच्या वरच्या भागात भुसभुशीत झालं असेल, तर तिथे हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणूंनी सल्फ्युरिक ॲसिड तयार केलेलं असतं. अशा जागी वरवरचा गिलावा राहत नाही, खराब थर पूर्ण काढावा लागतो.

म्हणजे तडा सापडला तर दुसरा प्लंबर बरोबर, आणि टाकी बदलायची. काम दोन-तीन दिवसांचं आहे. बहुतेक चुका घाईत भरणी करताना होतात, म्हणून तेवढं सविस्तर सांगतो.

मैला उपसणाऱ्या सक्शन टँकरकडून टाकी रिकामी करून घ्या, पाण्याने धुऊन पुन्हा उपसा. पंप साखळीने किंवा हँडलने उचला, केबलने कधीही नाही, त्याने केबलचं सील सुटून मोटारीत पाणी जातं. फरशी टाकीच्या कडेपासून किमान २५ सेंमी बाहेर कटरने कापा, नुसत्या घणाने फोडू नका, नाहीतर तडे खोलीभर जातात. खड्ड्यात पाणी येत असेल तर एका कोपऱ्यात थोडं खोल खणून तिथे छोटा पंप सतत चालू ठेवा. मातीची बाजू ढासळत असेल तर फळ्यांचा आधार द्या.

खड्ड्याचा तळ टोकदार दगड काढून सपाट करा आणि १० ते १५ सेंमी बारीक खडी कुटून घ्या. टाकी ठेवून दोन्ही दिशांनी लेव्हल बघा. तिरकी टाकी म्हणजे तिरका फ्लोट. आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग : टाकी तरंगू न देणं. तुमच्या मापाची टाकी रिकामी असताना भूजल काठापर्यंत चढलं, तर पाणी तिला जवळपास १२० किलोच्या जोराने वर ढकलतं. टाकीचं वजन त्यापुढे काहीच नाही. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० ऐवजी १४०० किलोच भरतं, त्यामुळे थोडी सूट धरून ०.१ घनमीटर काँक्रीट हवं. टाकीच्या तळाभोवती, बाहेरून ९० सेंमी व्यासाचं आणि २०-२२ सेंमी जाड कडं घातलं की ते भरतं. काँक्रीट टाकीच्या तळाच्या कडेवर किंवा बाहेरच्या कंगोऱ्यांवर चढलं पाहिजे. नुसतं शेजारी ओतलं तर टाकी त्यातून बुचासारखी निसटते.

काँक्रीट ओतताना आणि नंतर भरणी करताना टाकीत त्याहून वरपर्यंत पाणी भरत राहा, नाहीतर ओलं काँक्रीटच तिला उचलतं. भरणी बारीक गोल खडीने, १५-२० सेंमीच्या थरांनी, चारी बाजूंनी सारखी करा. टाकीच्या अंगाशी धुमस मारू नका, ती लंबगोल होते आणि मग कितीही चांगलं गॅस्केट घातलं तरी झाकण बसत नाही. भरणी करताना झाकण बोल्टने लावून ठेवलं तर तोंड गोलच राहतं. पाइपाचा जोड भरणीने झाकण्याआधीच पाण्याची चाचणी २४ तास घ्या. वरचं काँक्रीट त्यानंतरच.

जुना पंप परत वापरायचा असेल तर चालेल, पण तो ५० मिमीपर्यंतचा घन मैला काढणारा असावा. दोन इंची पाइपात मैला खाली बसू नये म्हणून पाणी सेकंदाला किमान ०.६ मीटर वेगाने जायला हवं, म्हणजे तुमच्याकडे पाणी जेवढं उंच चढवायचंय त्या उंचीला पंपाने मिनिटाला किमान ७० ते ७५ लिटर फेकायला हवेत. स्वच्छ पाण्याने टाकी भरून, पातळी २० सेंमी उतरायला किती सेकंद लागतात ते मोजा. २७ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पंप थकलाय किंवा पाइप आतून अरुंद झालाय. फ्लोट वरखाली होताना भिंतीला, केबलला किंवा पाइपाला कुठेच घासता कामा नये. त्याच्या चालू होण्याच्या पातळीपेक्षा १० सेंमी वर एक वेगळा अलार्म-फ्लोट बसवा आणि त्याची वीज पंपाच्या ब्रेकरवरून घेऊ नका, नाहीतर ब्रेकर पडला की अलार्मही मुका होतो.

फरशीवर सांडलेला मैला आधी साबणाच्या पाण्याने पूर्ण धुवा, मग घरगुती ब्लीच एकास नऊ पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवर थेट ओतलेलं ब्लीच वाया जातं. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. लहान मुलं आणि दमेकरी यांना त्या दिवशी तळघरात येऊ देऊ नका.

आजच्या रात्रीसाठी एवढंच करा : फ्लशच्या टाकीत रंग टाका, डिलिव्हरी पाइपाला टिश्यू गुंडाळा, आणि पंप किती वाजता चालू झाला ते सकाळपर्यंत लिहून ठेवा. पंपाच्या या वेळा, पातळीचे आकडे आणि पावसानंतर पंप जास्त चालतो का हे कळवलंत, तर तडा कुठे असेल हे आम्हाला बऱ्याच खात्रीने सांगता येईल.